कमला भागवत यांची प्रयोगशाळा

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या एका मुलीने बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. गुण उत्तम होते. तरीही अर्ज नाकारला गेला, आणि कारण एवढेच की ती मुलगी होती. नाकारणारे होते संस्थेचे संचालक, नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन. संशोधन हे बायकांचे काम नव्हे, असे त्यांचे मत.

मुलीचे नाव कमला भागवत, पुढे सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण, जन्म १९११ चा. ती घरी रडत बसली नाही. थेट बंगलोरला गेली आणि प्रवेश मिळेपर्यंत हटणार नाही असे सांगून संचालकांच्या दारात तिने सत्याग्रह मांडला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे संस्थेतील वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट वाचून आम्हाला आजही राग येतो. मुलगे लक्ष देईनासे झाले तर दोष मुलीचा, हा न्याय काही फक्त गावच्या पारावरच चालतो असे नाही.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात आखडता घेणारे नव्हेत. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. आपल्याकडे पेण-रोह्याला भाताची कापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्या वालाच्या उसळीत अंगाला लागणारे नेमके काय असते, हा प्रश्न त्या काळी अभ्यासाचा विषय होऊ शकतो असे कोणाला वाटले असते? वर्षभर काम पाहिल्यावर रामन यांनी त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानले. १९३६ साली त्या विशेष गुणवत्तेने एम.एस्सी. झाल्या. पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला तो ह्या एका मुलीच्या कामामुळे. अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. म्हातारपणीही त्यांनी तो बोलून दाखवला.

पुढे त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तिथे डॉ. डेरेक रिक्टर नावाच्या शास्त्रज्ञाने आपले टेबल त्यांना देऊ केले : दिवसा कमलाबाईंनी काम करायचे, रात्री त्यांनी. एका खोलीत दोन पाळ्यांचे कामगार आळीपाळीने झोपत, तो मुंबईच्या चाळींतला हिशेब आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे. हे त्याच जातीचे. पुढे रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी बटाट्यावर काम केले. वनस्पतींच्या पेशींना श्वसनासाठी लागणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य त्यांना तिथे सापडले. प्रबंध टंकलिखित जेमतेम चाळीस पानांचा. १९३९ साली पीएच.डी. मिळाली.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कमलाबाईंचे वडील आणि चुलते दोघेही त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. घरात पुस्तके होती, पाठीशी माणसे होती. त्यांनी अर्ज केला त्याच्या सहाच वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपली माणसे बाबासाहेबांच्या मागून चालत गेली होती. आपल्या आज्यांना कोणत्या संचालकाने नाकारले नाही, कारण त्या दारापर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत. कमलाबाई बंगलोरला शिकत होत्या तेव्हा, १९३५ साली, बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४६ साली त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग चालवले. आपल्या घरांतून कॉलेजची वाट खरी सुरू झाली ती तेव्हा.

आम्ही रविवारी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. मध्यंतरी एक आई आली. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री, गुण चांगले, मुंबईला एम.एस्सी.ला नंबर लागतोय. वडील म्हणतात, प्रयोगशाळेत रात्र होते, नको. धाटावच्या कारखान्यात दिवसपाळीला लाव. गंमत पाहा, दिवसपाळी कायमची मिळेल याची हमी कारखाना थोडीच देतो! आम्ही त्या भगिनीला म्हणालो, रात्रीची भीती खरी आहे, ती खोटी ठरवू नका. वसतिगृह कॉलेजपासून किती लांब, रात्री खोलीत आणखी कोण असते, परत सोडण्याची सोय काय, हे वडिलांनी स्वतः जाऊन विचारावे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते, समाजकल्याणची मुलींची वसतिगृहे आहेत, पुढे पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. प्रवेशाच्या दिवसांत तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते.

कमलाबाईंचे पुढचे काम तर आपल्या चुलीशीच नाते सांगणारे. ताडामाडाच्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते, ती कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायकांना दिल्यास प्रकृती सुधारते, हे त्यांनी दाखवले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या प्राध्यापक आणि नंतर संचालक झाल्या. ते पद मात्र हक्काच्या वेळी नव्हे, चार वर्षे उशिरा मिळाले. निवृत्तीनंतर ग्राहकांच्या संस्थेत त्यांनी काम केले, १९८२-८३ साली तिच्या अध्यक्षा होत्या, आणि ग्राहकाने कशी सावधगिरी बाळगावी यावर 'कीमत' मासिकात लिहीत राहिल्या. १९९८ साली त्या गेल्या.