सातारचे वि. म. दांडेकर : मोजमापाचं एकक कोणतं?

मागच्या लेखांकात आपण धनंजयराव गाडगिळांपाशी थांबलो होतो. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये सुरू झाली, ती साताऱ्याच्या रावबहादूर काळे यांच्या देणगीतून. १९६६ मध्ये गाडगीळ संचालकपदावरून निवृत्त झाले आणि त्या खुर्चीवर आले विनायक महादेव दांडेकर. जन्म १९२०, गाव सातारा. म्हणजे देणगी साताऱ्याची आणि दुसरा संचालकही साताऱ्याचा. या लेखात दांडेकरांचं सगळं चरित्र सांगणार नाही. त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येणारा एकच प्रश्न घेतो, कारण सातारा-सांगलीच्या माणसाला तो आजही रोज भिडतो. सरकार एखादी गोष्ट मोजतं तेव्हा नेमकं कुणाला मोजतं? माणसाला, गावाला, तालुक्याला की जिल्ह्याला?

दांडेकर मूळचे संख्याशास्त्रज्ञ. आकड्यांची शिस्त त्यांनी अर्थशास्त्रात आणली, पण आकडा खाली उतरून गोळा करायचा, ही सवय संस्थेची होती. गाडगिळांच्या काळातच वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी झाली, तिचं पुस्तक १९४० चं. पुढे गाडगीळ आणि दांडेकर या दोघांच्या नावाने १९५५ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणावरच्या दोन तपासण्यांचा अहवाल निघाला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जुना सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा नव्हे. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुकेही त्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे त्या काळच्या साताऱ्याच्या अभ्यासात आजची सांगलीही येते.

त्या तपासण्यांमागचा प्रश्न साधा आणि अस्वस्थ करणारा होता. शाळेच्या पटावर मुलं किती, हे खात्याला माहीत असतं. पण पहिलीत बसलेलं मूल चौथीपर्यंत पोचतं का? मधेच गळतं का? एकाच इयत्तेत दोन-तीन वर्षं अडकून राहतं का? आणि चार वर्षं शिकून बाहेर पडलेला मुलगा रानात, गुरांमागे काही वर्षं घालवल्यावर पुन्हा निरक्षर होतो का? पट मोजला तर शाळा भरलेली दिसते. तेच मूल वर्षामागून वर्ष धरून मोजलं तर चित्र पार बदलतं. शिक्षणखात्यात आज गळती आणि स्थगन हे शब्द सहज वापरले जातात. पण पटाऐवजी मूल हे एकक धरायचं, हा बदल त्या काळी मोठा होता.

हीच नजर त्यांनी कुळकायद्याकडे वळवली. मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ चा. तो प्रत्यक्षात कसा चालतो याची पाहणी दांडेकर आणि खुदनपूर यांनी १९५७ च्या अहवालात मांडली. कागदोपत्री कुळांनी 'स्वखुशीने' जमिनी सोडल्या होत्या. गावात विचारलं तर ही खुशी कुठून आली ते कळत होतं. आपल्या भागात जुन्या पिढीने हे राजीनामे पाहिले आहेत. तलाठ्यापुढे अंगठा उठला की कूळ जमिनीवरून गेलं. कायद्याचं यश दप्तरातल्या नोंदीत मोजायचं की नांगर कुणाचा चालतो ते पाहून मोजायचं, हा तोच प्रश्न.

दांडेकरांचं नाव देशभर झालं ते १९७१ च्या जानेवारीत. नीलकंठ रथ यांच्यासह लिहिलेला 'भारतातील दारिद्र्य' हा प्रबंध 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दोन अंकांत आला. त्यांनी माणशी दिवसाला २२५० कॅलरी देणारा आहार ही कसोटी धरली आणि तेवढं अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर घरात येतं ती पातळी शोधली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरासाठी २७० रुपये. या रेषेखाली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक होते. राष्ट्रीय उत्पन्न वाढतंय, असं सांगणाऱ्या देशाला हा आरसा होता. सरासरी उत्पन्न वाढलं म्हणजे शेवटच्या माणसाच्या ताटात काही पडलं असं होत नाही, हे त्यांनी हिशेबाने दाखवलं.

या रेषेवर सर्वांत कडाडून हरकत घेतली ती पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सुखात्मे १९११ साली खटाव तालुक्यातल्या बुध गावी जन्मले. नमुना पाहणीच्या सिद्धांतावरचं त्यांचं पुस्तक जगभर वापरलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला त्यांनी दोन दशकं संख्याशास्त्र विभाग सांभाळला. त्यांचं म्हणणं असं की, एकाच निरोगी माणसाची कॅलरीची गरजही दररोज सारखी नसते. शरीर स्वतःला एका मर्यादेत सावरून घेतं. म्हणून सरासरी गरजेखाली खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित म्हणणं चूक, आणि तसं धरलं तर भुकेल्यांचा आकडा फुगतो. दांडेकरांचं उत्तर वेगळ्या दिशेने गेलं. गरीब आणि कुपोषित हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कॅलरी ही खर्चाची रेषा ठरवण्यासाठी घेतलेली खूण. माणूस त्या रेषेखाली आहे म्हणजे समाजाने किमान मानलेलं जगणं त्याच्या आवाक्यात नाही, मग त्याचं शरीर कितीही काटक असो.

एकाच जिल्ह्यातले दोन संख्याशास्त्रज्ञ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अशा प्रश्नावर भांडत होते, याचा आपल्या मुलखाला अभिमान वाटायला हवा. माझा कौल दांडेकरांच्या बाजूने आहे. शरीरशास्त्रात सुखात्म्यांचा मुद्दा भक्कम आहे. पण माणच्या माळावर उन्हात खडी फोडणाऱ्या बाईचं शरीर कमी अन्नावर तगतं, म्हणून ती गरीब नाही असं धोरण ठरवणाऱ्याने म्हणणं मला मान्य होत नाही.

१९७१ च्या प्रबंधात उपायही होता. वाटायला पुरेशी जमीनच नाही, म्हणून केवळ जमीनवाटपाने दारिद्र्य हटणार नाही. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला काम द्या, सार्वजनिक कामं काढा, आणि त्याचा पैसा वरच्या थराच्या खर्चाला कात्री लावून उभा करा. इथे दांडेकरांचा तर्क सांगली जिल्ह्यात घडत असलेल्या एका प्रयोगाला जाऊन भिडतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. १९७२ च्या दुष्काळात राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिला पैसा यावा म्हणून १९७५ पासून व्यवसाय कर लागला, तो पगारदारांच्या दरमहा पगारातून कापला जातो. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराचा पैसा आटपाडी-दहिवडीच्या बांधबंदिस्तीवर, पाझर तलावावर मजुरी म्हणून पोचावा अशी ही रचना. पुढे २००५ मध्ये देशाने कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. दांडेकरांनी मात्र योजनेचं नुसतं कौतुक केलं नाही. १९८० मध्ये माधव साठे यांच्यासह त्यांनी तिची तपासणी करणारा लेख लिहिला. मजुरी किती वाटली एवढं बघून भागत नाही. त्या मजुरीतून जमिनीवर काय उभं राहिलं आणि ते कुणाच्या मालकीच्या जमिनीवर उभं राहिलं, हेही पाहावं लागतं.

पीक विम्यातही एकक बदलूनच त्यांनी वाट काढली. १९७० च्या सुमारास सरकारी तज्ज्ञांनी पीक विमा व्यवहार्य नाही असं ठरवलं होतं. अडचण खरी होती. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं तपासायचं तर खर्च हप्त्याहून जास्त, आणि विमा आहे म्हणून पिकाकडे दुर्लक्ष झालं तर ते ओळखायचं कसं? १९७६ मध्ये दांडेकरांनी उत्तर दिलं : माणूस एकक धरू नका, एकसारखं हवामान असलेला भूभाग धरा. त्या भागात पीक कापणी प्रयोग होतातच. तिथलं सरासरी उत्पादन ठरावीक पातळीच्या खाली गेलं की सगळ्या विमाधारकांना भरपाई द्या. एकट्याच्या आळसाने सरासरी हलत नाही, त्यामुळे लबाडीला वाव उरत नाही. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, या सगळ्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. दांडेकरांना भारतातल्या पीक विम्याचे जनक म्हणतात ते याचसाठी.

पण भूभाग किती मोठा धरायचा? आज महाराष्ट्रात साधारणपणे महसूल मंडळ हे एकक आहे. खटावच्या एका मंडळात चार गावांवर पाऊस झाला आणि तीन गावं कोरडी गेली, तर कोरड्या गावांचं नुकसान सरासरीत बुडतं. दांडेकरांची अट एकसारख्या हवामानाची होती. पर्जन्यछायेच्या मुलखात दोन मैलांवर पाऊस बदलतो, तिथे मंडळही मोठं पडतं. दोष कल्पनेचा नाही, एकक रुंद ठेवण्याचा आहे, आणि ते अरुंद करायला जास्त पीक कापणी प्रयोग व जास्त पर्जन्यमापकं लागतात.

हाच पेच दांडेकरांच्या स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या सरकारी कामात आहे. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, म्हणजे सांगलीचेच नेते, यांच्या सरकारने प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या मागे असलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष समितीने रुपयांत काढला. १९८४ च्या अहवालातला एकूण आकडा ३,१८६.७८ कोटी. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास, मराठवाड्याचा साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास, बाकीचा उर्वरित महाराष्ट्राचा. पश्चिम महाराष्ट्रात जन्मलेल्या अध्यक्षाने, पश्चिम महाराष्ट्राच्याच मुख्यमंत्र्याला विदर्भ-मराठवाड्याची उणीव आकड्यांत दाखवली. या प्रामाणिकपणाची तेव्हा पुरेशी कदर झाली असं मला वाटत नाही.

मात्र एकक जिल्हा होतं. जिल्ह्याच्या सरासरीत कराड-वाळव्याच्या उसाची हिरवळही येते आणि माण, आटपाडी, जतचा खडकाळ माळही. कृष्णाकाठामुळे सांगलीची सरासरी वर जाते आणि जत कागदावर तहानलेला दिसत नाही. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांसाठी झालेली आंदोलनं म्हणजे तालुक्याला मोजा ही मागणीच होती. २०२२ च्या अखेरीस जतच्या पूर्व भागातल्या काही गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा ती बातमी सीमावादाच्या खाती गेली. खरं तर ती अनुशेषाच्या खाती टाकायला हवी होती.

१९९५ मध्ये दांडेकर गेले. असमतोलाचा हा हिशेब पुन्हा मांडायचं काम २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे आलं. त्या समितीने काय मांडलं आणि त्याचं पुढे काय झालं, ते पुढच्या आठवड्यात.