कथा चिमूटभर, उडी खरी

नागपूरहून जबलपूरला जाणारा जुना रस्ता तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडतो. १९५६पर्यंत जबलपूर, नागपूर आणि अमरावती एकाच प्रांतात होती. राज्यपुनर्रचनेने हा संसार मोडला, सिनेमाच्या धंद्याने मात्र तो अजून टिकवला आहे: वितरकांच्या बोलीत हा पट्टा आजही ‘सीपी-बेरार’ (मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किटच आहे. मारधाडपटांचा मागोवा घेताना या सर्किटच्या दोन टोकांना दोन माणसे भेटतात. एक अमरावतीत जन्मलेले भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, आणि दुसरे जबलपुरात वाढलेले प्रेमनाथ.

पण सुरुवात कोल्हापुरापासून करावी लागते. तिथल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला मास्टर विठ्ठल १९२०च्या दशकात मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीचा हुकमी नायक झाला. तलवार, घोडा, सज्ज्यावरून उडी. मूकपटात एवढे भांडवल पुरत होते. ‘आलम आरा’साठी त्याने शारदा सोडली तेव्हा कराराचा खटला उभा राहिला आणि त्याचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर जिनांनी. खटला जिंकला, पण बोलपटाने खिंडीत गाठले. विठ्ठलची हिंदुस्थानी कच्ची, म्हणून त्याच्या पात्राला बराच वेळ गुंगीत ठेवले गेले, असे सांगतात. १९३१ साली देशाचा पहिला बोलता नायक पडद्यावर आला तो असा, जवळजवळ मुका!

वाडिया मूव्हीटोनने हीच मूकपटाची कसरत बोलपटात आणली. ‘हंटरवाली’ (१९३५) आणि ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) नायिका नादिया डमी न घेता लढली, धावत्या आगगाडीच्या टपावरसुद्धा. गोष्ट काय होती, हे आज फारसे कुणाला सांगता येणार नाही. टप मात्र सगळ्यांना आठवतो.

भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा. शरीर व्यायामाचे, डोळ्यांपुढे आदर्श डग्लस फेअरबँक्सचा. १९३८च्या ‘बहादूर किसान’पासून त्यांनी स्टंटपटांचा सपाटा लावला. एक चित्रपट पासष्ट हजारांच्या आसपास बसवायचा, नटांच्या कपड्यांपासून जेवणापर्यंत सगळे स्वतः पाहायचे. मारामारीचा उस्ताद तेच, मार खाणारेही तेच. समीक्षकांनी या चित्रपटांकडे नाक मुरडले. ते ज्यांच्यासाठी होते तो कामगार प्रेक्षक समीक्षा वाचत नव्हता. पटकथा बारीक ठेवणे ही त्यात गरिबी होती तसा हिशोबही होता. लेखणीवरचा पैसा वाचवून तो मारामारीच्या रिळांवर लावायचा, एवढे साधे गणित.

मारामारीच्या या खरेपणाची किंमत मात्र नेहमी नायकानेच मोजली असे नाही. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. हात जरा जास्तच जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि तीन वर्षे उपचार चालले. नायिकेची कारकीर्द तिथे संपली. नंतरच्या पिढ्यांनी ज्या बारीक डोळ्यावरून खाष्ट सासू ओळखली, तो डोळा त्या थपडेचा. ‘खरे स्टंट’ म्हणून टाळ्या वाजवताना हा हिशोब सहसा कुणी मांडत नाही.

भगवानदादांना या चाकोरीतून बाहेर काढले राज कपूरने. सामाजिक चित्रपट काढा, असा सल्ला त्याने दिला आणि १९५१ साली ‘अलबेला’ आला. त्याच वर्षी राज कपूरचे मेहुणे प्रेमनाथ ‘बादल’मध्ये मधुबालासमोर तलवार फिरवत होते. प्रेमनाथांनी कमाईतून जबलपूरचे एम्पायर थिएटर घेतले. भगवानदादांनी कमावले ते पुढच्या चित्रपटांत घातले आणि अखेर दादरच्या चाळीत राहिले. ‘अलबेला’आधीचे त्यांचे चित्रपट गोदामाच्या आगीत गेले. म्हणजे ज्या उड्यांवर नाव झाले, त्याच आज पाहता येत नाहीत.

साठच्या दशकात दारा सिंग आले. ‘किंग काँग’ (१९६२), ‘फौलाद’ (१९६३): आखाड्यातला पैलवान तसाच उचलून पडद्यावर ठेवलेला. अभिनयाची अपेक्षा ना त्यांची होती ना प्रेक्षकांची. मग १९७३चा ‘एंटर द ड्रॅगन’ आला आणि कुस्तीची जागा लाथेने घेतली. जॅकी चॅनने ‘पोलीस स्टोरी’मध्ये (१९८५) मॉलच्या खांबावरून खरेच घसरून हात भाजून घेतले, थायलंडच्या ‘आँग-बाक’ने (२००३) चोरीला गेलेले बुद्धाचे मस्तक परत आणणे एवढ्याच गोष्टीवर, तारांशिवाय, अख्खा चित्रपट तोलला.

या परंपरेला मुंबईने दिलेली सर्वांत खुसखुशीत दाद म्हणजे वासन बालाचा ‘मर्द को दर्द नहीं होता’. व्हिडिओ कॅसेटवर कुंग-फू पाहून वाढलेला, वेदनाच न जाणवणारा नायक. तो साकारणारा अभिमन्यू दासानी सांगलीच्या पटवर्धनांचा नातू, भाग्यश्रीचा मुलगा. टोरंटोच्या चित्रपट महोत्सवात २०१८ साली मिडनाइट मॅडनेस विभागात प्रेक्षकांनी या चित्रपटाला पहिली पसंती दिली. इथे तो फारसा चालला नाही, आणि ते आपल्या प्रेक्षकाच्या बाजूने बोलत नाही.

शेवटी पुन्हा नर्मदेवर: तिलवाऱ्याच्या खाली भेडाघाटात, जिथे राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’चे (१९६०) काही चित्रीकरण झाले, तिथे ‘मोहेंजो दारो’साठी (२०१६) हृतिक रोशन आला. चित्रपटात सुरुवातीलाच तो मगरीशी झुंजतो. संगमरवरी कडे खरे, नर्मदेचे पाणी खरे. मगर तेवढी संगणकातली.