विंचवाचे विष आणि हृदयाचे दोन कासरे



तुराट्यांचा भारा उचलताना, दगडी बांध नीट करताना किंवा रात्री अनवाणी गोठ्यात जाताना विंचू चावणे आपल्याकडे नवीन नाही. मोठी काळी इंगळी पाहून अंगावर काटा येतो. परंतु अधिक घातक आहे तो लहानसा तांबडा विंचू. त्याच्या विषाने माणूस दगावतो तो वेदनेने नव्हे, तर हृदय थकल्यामुळे. हे कसे घडते ते समजून घेऊ या.

निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे अगदी सारख्या अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना ते किंचित जलद व सोडताना किंचित संथ चालते. जणू त्याला दोन कासरे आहेत. एक वेग वाढवतो, दुसरा आवरतो. वेग वाढवणाऱ्या बाजूचे काम ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही द्रव्ये करतात. मारका बैल अंगावर धावून आला की छाती धडधडते ती यांच्यामुळेच. ही द्रव्ये म्हणजे किल्ल्या समजा. त्यांची कुलुपे दोन प्रमुख प्रकारची असतात: रक्तवाहिन्यांवर मुख्यतः ‘अल्फा’ आणि हृदयावर मुख्यतः ‘बीटा’.

तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंना एकसारखे चेतवत राहते. आधी उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ येते. मग शरीरात या द्रव्यांचा पूर येतो. अल्फा कुलुपे उघडून रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय थंडगार पडतात, रक्तदाब चढतो. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते आणि रोग्याला धाप लागते.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना त्यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून ही लक्षणे बारकाईने टिपली. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात छापून आले. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी वापरली. ही गोळी अल्फा कुलुपात बसून किल्लीला आत शिरू देत नाही. आवळलेल्या वाहिन्या सैल होतात व हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी पश्चिम भारतात विषबाधा झालेल्या रोग्यांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. १९८४ पासून प्राझोसिनच्या उपचाराने हे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले. २०११ मध्ये डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ७० रोग्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो, असे तीत दिसले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

कोणी विचारील, छातीची धडधड थांबवणारी बीटा कुलुपांवरची गोळी घेतली तर? ती येथे घातक ठरू शकते. वाहिन्या आवळलेल्याच राहतात आणि थकलेल्या हृदयाची उरलीसुरली शक्तीही जाते. म्हणून घरातल्या कोणाच्या रक्तदाबाची गोळी विंचू चावलेल्याला देऊ नये. प्राझोसिनसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. त्याने रक्तदाब एकाएकी उतरून उभे राहताना भोवळ येऊ शकते. नुसतीच वेदना असेल, तर त्याची गरजही नसते.

आता लक्षात ठेवण्याच्या गोष्टी:

१. वेदना कमी म्हणजे धोका कमी, असे समजू नये. उलटी, घाम, थंड हातपाय ही खरी धोक्याची खूण. लहान मुलांना धोका अधिक.

२. जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. मंत्र उतरवण्यात वेळ घालवू नये. पहिले काही तास मोलाचे असतात.

३. रोग्याला धीर द्यावा, चालवू नये; गाडीत घालून सरळ दवाखान्यात न्यावे आणि विंचू केव्हा चावला ती वेळ सांगावी.

४. रात्री पायांत चप्पल व हातात बॅटरी असावी. कपडे व अंथरूण झटकून घ्यावे. गोवऱ्या, दगड व सरपण घराच्या भिंतीला लागून रचू नये.

गोळी स्वस्त आहे, उपाय ठाऊक आहे. उशीर मात्र आपल्याकडून होऊ नये.