आम्ही मोटारीचा टप बदलतो!

"साहेब, एक तर गाडी विकून टाका, नाहीतर मृगाच्या आत टप बदला. आणखी एक पावसाळा हिची जमीन काढणार नाही." गाडीखालून सरपटत बाहेर येत मेकॅनिकने निकाल दिला आणि हातातला गंजाचा पोपडा माझ्या तळहातावर ठेवला.

ही गाडी म्हणजे आमच्या अण्णांची १९५५ सालची मॉरिस मायनर. तीही साधी नव्हे, कापडी टपाची! हवे तेव्हा टप मागे दुमडावा आणि उघड्या आभाळाखाली फिरावे. अण्णांनी ती १९६४ साली जुनीच विकत घेतली. दवाखान्यातून जन्मल्यावर मी घरी आलो तो हिच्यातून आणि धाकट्या बहिणीची वरात निघाली तीही हिच्यातूनच. अण्णा आता नव्वदीच्या घरात आहेत. गाडी चालवीत नाहीत; परंतु सकाळचा चहा झाला की काठी टेकीत अंगणात जातात आणि बॉनेटवरून एकदा हात फिरवून येतात. तेव्हा विकण्याची गोष्ट घरात मोठ्याने काढण्याची सोय नव्हती. राहता राहिला टप.

वाचकांना वाटेल, जमीन गंजली तर जमीन बदलावी, त्यात टपाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मोठा आहे. साध्या मोटारीचे पोलादी छत हा तिच्या सांगाड्याचाच एक भाग असतो. उघड्या गाडीला ते नसते, म्हणून तिची सारी ताकद जमिनीत आणि दारांखालच्या उंबरठ्यांत आणावी लागते. मायनरच्या उघड्या गाड्यांना त्यासाठी खाली जादा पोलाद घातलेले असते. फाटक्या टपातून पाणी झिरपते ते नेमके तिथेच साचते. उंबरठा गंजला की गाडी मधोमध किंचित वाकते आणि दारे नीट लागेनाशी होतात. कोणतीही जुनी उघडी गाडी पाहायला गेलात तर रंगावर भाळू नका. आधी दारे उघडून मिटून पाहा. आमची दारे अजून लागत होती. म्हणजे वेळ गेलेली नव्हती. पण हाताशी दिवस थोडे होते.

या गाडीची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. अ‍ॅलेक इसिगॉनिस या अभियंत्याने हिचा आराखडा केला आणि १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. तेव्हापासूनच बंद छताची आणि कापडी टपाची अशी तिची दोन रूपे होती. दहा लाखांचा पल्ला गाठणारी ही पहिली ब्रिटिश मोटार. कापडी टपाची मायनर निघायची १९६९ साली बंद झाली. परंतु तिच्यावर जीव टाकणारे लोक इतके आहेत की विलायतेत तिचे शिवलेले टप आजही तयार मिळतात.

असा एक टप आम्ही मागविला. शिवलेला टप आणून बसविणे ही हौशी माणसाच्या आवाक्यातली गोष्ट आहे. जाड कापडाचा टप घरच्या यंत्रावर शिवणे ही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तसेच ज्या नव्या गाड्यांचे टप बटण दाबताच विजेच्या मोटारीने उघडतात, त्यांच्या वाटेला घरी जाऊ नये.

टपाचे कापड साधारण दोन जातींचे मिळते. एक व्हिनाइलचे, म्हणजे आपल्या ओळखीच्या रेक्झिनच्या घराण्यातले. ते स्वस्त आणि पुसायला सोपे. पण थंडीत ताठरते आणि उन्हाने कालांतराने तडकते. दुसरे 'मोहेर' म्हणून ओळखतात ते. नाव बोकडाच्या लोकरीचे असले तरी आजच्या मोहेरात सहसा लोकरीचा धागा नसतो. वर कृत्रिम धाग्याचे विणलेले कापड, आत अस्तर आणि दोहोंच्या मध्ये रबराचा पातळ थर अशी त्याची तीन पदरी रचना असते. दोन कापडांमध्ये रबर घालून पाणी अडविण्याची युक्ती चार्ल्स मॅकिंटॉश या स्कॉटिश गृहस्थाची. १८२३ साली त्याने तिचे पेटंट घेतले आणि पुढे त्याचे नाव पावसाळी कोटालाच चिकटले. आम्ही मोहेर निवडले. म्हणजे आमच्या मायनरला मॅकिंटॉशच घातला म्हणायचा!

वैशाखातल्या एका रविवारी कामाला आरंभ झाला. कन्येने जुन्या टपाचे सर्व बाजूंनी फोटो काढले आणि बिस्किटांचे रिकामे डबे मांडून प्रत्येकावर चिठ्ठी लावली : 'पुढच्या पट्टीचे स्क्रू', 'डावी बाजू', 'उजवी बाजू'. मला ते पोरकट वाटले. चार दिवसांनी तेच डबे मी देवासारखे जपू लागलो. जुने सामान सोडविताना जे क्षणात सुटते, ते कुठले होते हे आठवायला रात्र पुरत नाही.

टप लाकडी पट्ट्यांवर बारीक चुकांनी ठोकलेला होता. त्या एकेक करून उपटायच्या, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके बांधून. कारण साठ वर्षांची धूळ खाली पडते. जुना टप मात्र टाकून द्यायचा नाही, नवा बसेपर्यंत तोच आपला नकाशा. कापड निघाले की आतल्या लोखंडी कमानी उघड्या पडतात. त्या घासून, रेड ऑक्साइड मारून, रंगवून, सांध्यांत तेल सोडले. या कमानी मिटताना कात्रीसारख्या चालतात. माझ्या डाव्या करंगळीला ते प्रथम कळले, मला नंतर.

काचेवरची लाकडी पट्टी एका टोकाला कुजली होती. ती सुताराकडून सागवानात करून घेतली. बोहरी आळीतून चुका आणि नाना पेठेतून रबराच्या पट्ट्या आल्या. दोन रविवारांत टप चढलाही. आणि मग आम्ही सारे लांब उभे राहून पाहू लागलो.

टपावर सुरकुत्याच सुरकुत्या! मागची खिडकी वाकडी, आणि पुढची कड काचेच्या पट्टीपासून चांगली दोन बोटे अलीकडे. मी जोर लावून ओढले, तर शिवणीतून करकर आवाज आला. मृगाला अठरा दिवस राहिले होते. विलायतेहून दुसरा टप यायचा तर पैसे नव्हते आणि वेळही नव्हता. अण्णा खुर्चीत बसून पाहत होते. काही बोलले नाहीत, हेच अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षांचे हूड शिवणाऱ्या एका चाचांना गाठले. ते घरी आले, टपाखाली डोके घालून वर पाहिले आणि म्हणाले, "साहेब, कापड बरोबर हाय. खालची नवार जुनी ठेवलीत."

चूक तीच होती. कमानींवरून पुढून मागे नवारीच्या पट्ट्या जातात. कोणती कमान किती अंतरावर उभी राहायची हे त्या ठरवितात. आमच्या पट्ट्या वर्षानुवर्षांच्या ताणाने लांबल्या होत्या. त्यामुळे कमानी मागे कलल्या, आणि त्यांच्यावर चढविलेले कापडही मागे गेले. जुन्या खाटेची नवार सैल झाली की गादी कितीही चांगली असो, झोळ पडायचाच. मी गादी बदलली होती, नवार नाही!

"आणि कापड ओढू नका," जाताना चाचा म्हणाले. "बसवा."

बसवायचे म्हणजे कसे, ते आमच्या सौ.ने सांगितले. "अहो, तुम्ही एका टोकाकडून ठोकत निघालात. ब्लाउजची बाही अशी लावतात का? आधी मध्य काढायचा, मग कच्चे टाके, मग अंगावर घालून पाहायचे, आणि पक्की शिलाई सगळ्यांत शेवटी."

बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिचे शिवणकाम शेजारच्या खोलीतून ऐकले होते. पाहिले कधीच नव्हते. या खेपेस मुकाट्याने हाताखाली काम केले.

सर्व चुका पुन्हा उपटल्या. नवी नवार लावली, आणि जुन्या फोटोंवरून व कमानींवरच्या जुन्या खुणांवरून अंतरे जुळविली. पुढच्या व मागच्या पट्टीचा मध्य खडूने आखला, टपाचाही मध्य आखला आणि दोन्ही रेघा जुळवून मध्यावर पहिली चूक ठोकली, तीही निम्मीच. तिथून एक डावीकडे, एक उजवीकडे, असे मागची बाजू पुरी करून मग पुढे आलो. "निम्म्या ठोकलेल्या चुका सुधारता येतात," सौ. म्हणाली. ती चुकांविषयीच बोलत होती असे मी धरून चालतो.

मग गाडी दोन तास उन्हात उभी केली. उन्हाने कापड सैलावते आणि घड्यांच्या खुणा आपोआप जातात. म्हणून हे काम उन्हाळ्यात करावे. पुढची कड बसविण्याची एक युक्ती आहे. टप काचेवर अडकवून, पट्टीच्या काठाशी कापडावर खडूची रेघ मारायची. मग अडकण सोडून टप जरासा वर उचलायचा आणि ती रेघ पट्टीच्या काठापुढे सुमारे एक सेंटिमीटर येईल असे कापड घेऊन ठोकायचे. पुन्हा अडकविला की टप ढोलकीच्या पानासारखा तणतो. एका दमात खूप ताणण्याचा मोह मात्र आवरावा. कमी पडले तर पुन्हा ओढता येते. शिवण उसवली की संपले.

तीनदा कच्चे ठोकले, तीनदा काढले. चौथ्यांदा खिडकी सरळ आली. मगच चुका पक्क्या केल्या आणि बाजूच्या कडांना चपलांना लावतात ते सोल्यूशन लावले. ते दोन्ही अंगांना लावून, बोटाला जेमतेम चिकटेल इतके सुकू द्यावे आणि मग एकदाच दाबावे. तेथे दुसरी संधी नाही. हे काम मोकळ्या हवेत, विडी-काडीपासून दूर करावे. जादा कापड कापायचे ते सर्वांत शेवटी. कात्री सौ.च्या हाती होती आणि ती मला मिळाली नाही. चुकांच्या रांगेवर गोट लावला आणि टप आठवडाभर बंदच ठेवला, म्हणजे कापड आपल्या जागी रुळते.

पुढची निगा थोडक्यात सांगतो. टप मऊ ब्रशने, सौम्य साबणाने धुवावा. रॉकेल वा पेट्रोल लावू नये. खिडकी प्लॅस्टिकची असेल तर टप दुमडताना मध्ये मऊ चादर ठेवावी, नाहीतर चरे पडतात. आणि ओला टप कधीही दुमडू नये. आत बुरशी धरते आणि शिवणी कुजतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी चारच्या सुमारास आभाळ भरून आले. पहिला टपोरा थेंब पडताच अण्णा काठी घेऊन अंगणात! आम्ही त्यांना पुढे बसविले, मी चाकावर, मायलेकी मागे. तासभर पाऊस कोसळत होता. टपावर असा आवाज, की एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. कन्या टॉर्च घेऊन कोपरा न् कोपरा तपासत होती. जमीन कोरडी. एकच थेंब अण्णांच्या गुडघ्यावर पडला, तो दाराच्या काचेच्या रबरातून, टपातून नव्हे. त्यांनी तो बोटाने टिपला आणि हसले.

पाऊस ओसरला. पश्चिमेला ऊन पडले. अण्णांनी वरच्या तणलेल्या कापडावर बोटाची टिचकी मारून पाहिली.

"छान झालाय रे," ते म्हणाले. "आता उघड."

"वाळू द्या, अण्णा," मी म्हटले. "ओला दुमडायचा नसतो."

"मग बसतो," अण्णा म्हणाले, आणि टप वाळेपर्यंत आम्ही चौघेही गाडीतच बसून राहिलो.