क्वार्टरबॅक पळाला, पण फायदा किती झाला?

आज अमेरिकन फुटबॉल. क्वार्टरबॅक स्वतः बॉल घेऊन पळतो, तेव्हा तो प्ले चांगला होता की नाही, हे ठरवायचं कसं?

सगळे आधी बघतात ते एका रनमागे किती यार्ड. 2019 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सच्या लमार जॅक्सनने 176 रनमध्ये 1,206 यार्ड काढले. सरासरी जवळपास 6.9, आणि क्वार्टरबॅकसाठी एनएफएलचा नवा विक्रम. भारीच! पण या सरासरीत चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

एक, आधीच ठरवलेला रन. दोन, स्क्रॅम्बल: पास द्यायचा होता, कोणी मोकळं दिसलं नाही, म्हणून पळाला. तीन, स्नीक: एखादाच यार्ड हवा असतो, तेव्हा सरळ समोर घुसायचं. चार, शेवटी वेळ काढायला गुडघा टेकवणं. त्यात यार्ड उणे जातो, तरी तो रनच धरतात.

खरी गंमत स्क्रॅम्बलमध्ये आहे. निसटला तर यार्ड रनच्या खात्यात. मागेच पकडला गेला तर तो सॅक, आणि एनएफएलमध्ये त्याचं नुकसान पासच्या खात्यात! म्हणजे लॉगमधून फेल झालेल्या रिक्वेस्ट काढायच्या आणि म्हणायचं, सिस्टिम मस्त चाललीय. कॉलेज फुटबॉलमध्ये उलटं, तिथे सॅक रनमध्येच मोजतात. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे थेट शेजारी ठेवू नका.

दुसरं, परिस्थिती. चार डाऊनमध्ये 10 यार्ड गाठायचे असतात. तिसऱ्या डाऊनला 10 हवे असताना 8 मिळाले, तर सरासरी वाढते, पण बहुतेकदा बॉल सोडावा लागतो. चौथ्याला 1 हवा आणि 1 मिळाला, तर सरासरी पडते, पण ड्राइव्ह जिवंत राहते. म्हणून 'द हिडन गेम ऑफ फुटबॉल' या 1988 च्या पुस्तकाने वेगळी फूटपट्टी दिली: पहिल्या डाऊनला गरजेच्या 40 टक्के, दुसऱ्याला 60 टक्के, पुढे पूर्ण 100 टक्के यार्ड मिळाले, तरच प्ले यशस्वी.

तिसरं, धाक. क्वार्टरबॅक पळेल या भीतीने एक डिफेंडर थबकतो, आणि रनिंग बॅकला वाट मिळते. यार्ड मात्र त्याच्या नावावर! 2019 मध्ये रेव्हन्सने संघ म्हणून 3,296 यार्ड पळून काढले. त्यात जॅक्सनच्या धाकाचा वाटा त्याच्या 1,206 मध्ये दिसत नाही.

शेवटी, प्रत्येक रनमध्ये क्वार्टरबॅकला मार बसू शकतो, आणि तो जखमी झाला तर पासिंगही कोलमडतं. म्हणून नुसती सरासरी बघून 'अजून पळवा याला' म्हणू नका. आधी विचारा: कुठला रन, किती यार्ड हवे होते, आणि सॅक कुठे लपलेत?