बिल-आकारणी प्रणाली, इंटरनेट सेवेतील
इंटरनेट सेवादात्याच्या ग्राहकांची नोंद ठेवून, त्यांच्या सेवेची मुदत व वापर यांची मोजणी करणारी आणि त्यांवरून बिले काढून वसुलीचा हिशोब ठेवणारी संगणकीय आज्ञावली. विजेच्या वा पाण्याच्या मापकासारखा मापक येथे ग्राहकाच्या घरी नसतो. मोजणी आणि सेवा खंडित करणे ही दोन्ही कामे सेवादात्याच्या यंत्रणेतच होतात. त्यामुळे आज्ञावलीतील चूक ग्राहकाला सहजासहजी पडताळता येत नाही. मोजक्या कर्मचाऱ्यांनिशी व्यवसाय करणाऱ्या लहान सेवादात्याची विश्वासार्हता म्हणूनच या आज्ञावलीच्या निवडीवर बरीच अवलंबून असते.

भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा विदेश संचार निगम या तत्कालीन शासकीय कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. १९९८ मध्ये हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले. प्रारंभी दूरध्वनी तारेवरून जोडणी होत असे व ठराविक तासांसाठी वर्गणी घेतली जाई. ब्रॉडबँड सेवेत माहितीचे प्रमाण व पुढे वेग आणि मुदत यांवर आधारलेले दर रूढ झाले.

कार्यपद्धती : ग्राहकाच्या उपकरणाने जोडणी मागताच सेवादात्याचा राउटर ती विनंती बहुधा ‘रेडियस’ या प्रोटोकॉलनुसार मध्यवर्ती संगणकाकडे पाठवितो. तेथे ग्राहकाची ओळख व वर्गणीची मुदत तपासून परवानगी दिली जाते. त्यानंतर राउटर सत्राचा प्रारंभ, मधला वापर व समाप्ती यांच्या नोंदी पाठवितो. या नोंदींसंबंधीचे आजही वापरात असलेले विवरण जून २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

बिलातील अनेक दोष या टप्प्यावर उद्भवतात. वापर मोजणारा मूळ गणक ३२ बिटांचा असल्याने ४,२९,४९,६७,२९६ बाइटांनंतर तो पुन्हा शून्यावर येतो. त्याच्या किती फेऱ्या झाल्या हे वेगळ्या नोंदीत येते. ती नोंद न वाचणारी आज्ञावली १० गिगाबाइटांचा वापर सु. १.४ गिगाबाइट दाखविते. तसेच वीज जाऊन राउटर बंद पडल्यास समाप्तीची नोंद पोहोचत नाही. ग्राहकाचे जुने सत्र मग दप्तरी चालूच राहते आणि एका वेळी एकाच जोडणीची मर्यादा असल्यास पैसे भरलेल्या ग्राहकालाही पुन्हा प्रवेश नाकारला जातो. ठराविक अंतराने मधल्या नोंदी घेऊन अशी सत्रे आपोआप बंद करण्याची सोय म्हणूनच आवश्यक ठरते.

निवडीचे निकष : बिलातील प्रत्येक रक्कम मूळ नोंदीपर्यंत मागे नेऊन दाखविता येणे, हा पहिला निकष होय. आगाऊ वर्गणी, महिन्याच्या मध्येच योजना बदलणे, अंशतः भरणा, सेवा बंद असलेल्या दिवसांची सूट इ. व्यवहार आज्ञावलीला हाताळता आले पाहिजेत. भरणा होताच जोडणी न तोडता वेग पूर्ववत करण्याची क्षमता राउटर व आज्ञावली या दोहोंत असावी लागते. भारतात इंटरनेट सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. करबीजकांचे क्रमांक सलग, वित्तीय वर्षात पुनरावृत्ती न होणारे व १६ चिन्हांपेक्षा मोठे नसलेले असावे लागतात. इंटरनेट वापराच्या नोंदी जतन करण्याची मुदत दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये एक वर्षावरून दोन वर्षे केली. त्यामुळे साठवणक्षमतेचाही विचार करावा लागतो.

‘फ्रीरेडियस’सारखी मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळते; परंतु ती ओळख-पडताळणी व वापरनोंद एवढेच काम करते. बिले व करहिशोब यांसाठी वेगळी आज्ञावली जोडावी लागते आणि जाणकार तंत्रज्ञ हाताशी असावा लागतो. तयार प्रणाली विकत वा भाड्याने घेतल्यास हा भार कमी होतो. मात्र शुल्क ग्राहकसंख्येनुसार असल्यास व्यवसायाबरोबर खर्चही वाढतो. ग्राहकांची संपूर्ण माहिती, थकबाकी व जुनी बिले सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतील, अशी अट करारात नसेल, तर पुढे विक्रेता बदलणे जवळजवळ अशक्य होते.

नव्या प्रणालीकडे वळताना किमान एक बिलचक्र जुनी व नवी प्रणाली समांतर चालवून दोहोंची बिले ताडून पाहणे इष्ट असते. फरकाचे कारण सापडेपर्यंत नव्या प्रणालीला सेवा आपोआप खंडित करण्याचा अधिकार दिला जात नाही.