टक्के नव्हे, गट महत्त्वाचा: पॅरा खेळाडूंची वर्गवारी कशी ठरते?

"डॉक्टर, दाखल्यावर किती टक्के असले की मुलाला पॅरा खेळात घेतात?" रायगडच्या किनारपट्टीवर प्रॅक्टिस करताना हा प्रश्न पालक अधूनमधून विचारतात. माडावरून किंवा सुपारीवरून पडून मणक्याला इजा झालेले, मुंबई-गोवा महामार्गावरील अपघातात पाय गमावलेले, जन्मतः हात आखूड असलेले असे रुग्ण आपल्याकडे गावोगावी आहेत. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताच्या ८४ खेळाडूंनी ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य अशी २९ पदके मिळवली. तेव्हापासून अशी विचारणा आणखी वाढली आहे.

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे: टक्के सरकारी सवलतींसाठी असतात. खेळात पाहिला जातो तो गट, आणि तो वेगळ्या तपासणीतून ठरतो.

दाखला आणि वर्गवारी यात फरक काय?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास बहुतेक शासकीय लाभ मिळतात. जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ तपासणी करतात आणि युडीआयडी कार्ड मिळते. हे कार्ड जरूर काढा. स्पर्धेच्या नोंदणीसाठीही ते मागितले जाते.

खेळाच्या वर्गवारीत मात्र प्रश्न वेगळा असतो: या व्यक्तीच्या शरीरातील दोषामुळे *हा विशिष्ट खेळ* खेळण्यात किती अडथळा येतो? म्हणूनच एकाच माणसाचा पोहण्यातला गट आणि गोळाफेकीतला गट वेगळा असू शकतो. एका खेळात पात्र ठरलेली व्यक्ती दुसऱ्या खेळात अपात्रही ठरू शकते.

पूर्वी निदानावरून गट ठरत

पॅरा खेळांची सुरुवात १९४८ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात झाली. डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी तिथे स्पर्धा भरवल्या. आपले मुरलीकांत पेटकर याच परंपरेतले. सांगली जिल्ह्यात जन्मलेले पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिले.

त्या काळी मज्जारज्जूला कोणत्या पातळीवर इजा झाली आहे, यावरून गट पडत. पुढे हातपाय गमावलेले आणि दृष्टिहीन खेळाडू स्पर्धेत आले. मग केवळ आजाराच्या नावापेक्षा प्रत्यक्ष हालचाल किती होते, याला महत्त्व आले.

कोणते दोष पात्र ठरतात?

पॅरालिम्पिकमध्ये दहा प्रकारचे *कायमस्वरूपी* दोष ग्राह्य धरतात:

- स्नायूंची ताकद कमी असणे (उदा. पोलिओ, मणक्याची इजा)
- सांधा पूर्ण न हलणे
- हात किंवा पाय नसणे अथवा अपुरा असणे
- दोन पायांच्या लांबीत फरक
- कमी उंची
- स्नायूंचा ताठरपणा, तोल व समन्वयाचा अभाव, अनैच्छिक हालचाली (उदा. सेरेब्रल पाल्सी), हे तीन वेगळे प्रकार मानतात
- दृष्टिदोष
- बौद्धिक अक्षमता

सर्व खेळांत सर्व प्रकार नसतात. एका डोळ्याने दिसत नाही पण दुसरा उत्तम आहे, अशी व्यक्ती पात्र ठरत नाही. केवळ सांधेदुखीही चालत नाही. कर्णबधिरांसाठी डेफलिम्पिक्स ही स्वतंत्र स्पर्धा आहे.

अक्षरे आणि आकडे कसे वाचावेत?

अक्षर खेळ किंवा दोषाचा प्रकार सांगते आणि आकडा गट. सर्वसाधारणपणे एकाच प्रकारच्या दोषात आकडा जितका लहान, तितका दोष अधिक. काही उदाहरणे पाहा:

- एफ ४६: मैदानी फेकीचा गट, हातातील दोषासाठी. आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांनी पॅरिसमध्ये या गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवले.
- एसएल ३ आणि एसएल ४: उभ्याने खेळायचे बॅडमिंटन, पायातील दोषासाठी. २०१९ च्या विश्वविजेत्या मानसी जोशी एसएल ३ मध्ये खेळतात. या गटात एकेरीचा सामना अर्ध्या कोर्टवर होतो. सांगलीचे सुकांत कदम एसएल ४ मध्ये पूर्ण कोर्टवर खेळतात.
- एस १ ते एस १०: पोहण्यातील शारीरिक दोषाचे गट. एस ११ ते १३ दृष्टिदोषासाठी, एस १४ बौद्धिक अक्षमतेसाठी.

तपासणीत काय होते?

आधी तुमचे डॉक्टर निदानाचा फॉर्म भरून एक्स-रे, एमआरआय असे अहवाल जोडतात. मग प्रशिक्षित वर्गवारीकारांचे पथक स्नायूंची ताकद ० ते ५ या मापाने तपासते, सांधे मोजते, खेळातील हालचाली करून घेते आणि गरज पडल्यास प्रत्यक्ष स्पर्धेत निरीक्षण करते. काही आजारांत गट पुन्हा तपासला जातो.

हा टप्पा हलक्यात घेऊ नका. टोकियोत थाळीफेकपटू विनोद कुमार यांनी कांस्य जिंकले, पण हरकतीनंतर त्यांना तो गट देता येत नाही असे ठरले आणि पदक गेले. म्हणून दोष वाढवून सांगू नका आणि लपवूही नका.

सराव सुरू करण्यापूर्वी

- मणक्याची इजा: इजेखालच्या भागाला घाम कमी येतो, त्यामुळे शरीर लवकर तापते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत सराव सकाळी लवकर करा.
- छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असल्यास: अचानक तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे, घाम फुटणे ही रक्तदाब धोकादायक वाढल्याची लक्षणे असू शकतात. रुग्णाला बसते करा, पट्टे सैल करा, लघवी तुंबली आहे का किंवा नळी दुमडली आहे का ते पाहा आणि ताबडतोब रुग्णालयात न्या.
- संवेदना नसलेली त्वचा: व्हीलचेअरवर वरचेवर भार बदला. रोज आरशात पाहून लाल चट्टे तपासा.
- कृत्रिम पाय: घामाने ओला झालेला मोजा लगेच बदला, नाहीतर बुरशी आणि फोड येतात.
- फिट येत असल्यास: खाडीत, समुद्रात किंवा तलावात एकट्याने पोहू नये.
- औषधे: लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या उत्तेजक चाचणीत बंदी असलेल्या यादीत येतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. परवानगीसाठी डॉक्टरांशी बोला.

सुरुवात कुठून करावी?

जुने सर्व अहवाल एका फाइलमध्ये लावा, युडीआयडी कार्ड काढा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. मूल कोणत्याही गटात बसले नाही, तरी व्यायाम थांबवू नका. स्नायू, हृदय, झोप आणि मन यांना होणारा फायदा गटावर अवलंबून नाही. पेटकर पाण्यात उतरले तेही आधी बरे होण्यासाठीच.